पोलादमंत्र्यांना खुले पत्र: चुऱ्याचं लोखंड आम्हालाही हवं आहे

मा. केंद्रीय पोलादमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत माझी छोटी फौंड्री आहे. पंपांचे ओतीव भाग करतो. पिग आयर्न (फौंड्रीत वितळवायचं कच्चं लोखंड) परवडेना म्हणून विजेच्या इंडक्शन भट्टीत भरायच्या मालात थोडं स्पंज आयर्न (खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेलं सच्छिद्र लोखंड) टाकायला लागलो, तेव्हापासूनचं हे दुखणं. खनिजाच्या चुऱ्यापासून असं लोखंड करायची रीत आपल्याकडे करून बघावी, यासाठी हे पत्र.

एका जुलैत गाडी आली ती फाटक्या ताडपत्रीची. माल शेडमध्ये उतरवला. संध्याकाळी ढिगावर हात ठेवला तर ऊनऊन लागला. स्पंज आयर्न भिजलं की परत गंजायला लागतं, उष्णता सुटते, हायड्रोजनही निघतो. असा ओला माल भट्टीत गेला तर वितळलेल्या लोखंडाचा रस उडतो. ढीग पसरून रात्रभर राखण केली. शिवाय त्यात कोळशाची चरी, म्हणजे अर्धवट जळून उरलेला कोळसा. मॅग्नेट फिरवला की लोखंड वर येतं आणि काळा चुरा खाली राहतो. पैसे मात्र दोन्हींचे मोजायचे. ज्यातला ऑक्सिजन नीट निघालेला नसतो, ते भट्टीत कार्बन खातं आणि स्लॅग (रसावर तरंगणारा मळ) वाढवतं. वीजबिल आमच्याच माथी.

आपल्याकडचं बहुतेक स्पंज आयर्न कोळशावरच्या फिरत्या भट्ट्यांत होतं. गुजरातमधल्या हजिऱ्यात आणि रायगडमधल्या डोलवीत ते नैसर्गिक गॅसवर होतं. त्यात राख नाही आणि कार्बनही बरा, दीड-दोन टक्के. ओतीव लोखंडाला तोच लागतो. पण तिथेही लोहखनिजाचा चुरा तसाच चालत नाही. बारीक दळून, गोळ्या वळून, साधारण 1250 ते 1300 अंशांवर भाजाव्या लागतात. आपल्या खाणींतून चुराच फार निघतो आणि हलक्या प्रतीचा चुरा जहाजात भरून परदेशी जातो.

तो गोळ्या न वळता वापरायची रीत आहे. गॅसपासून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड करायचे आणि तो गरम वायू खालून सोडून चुरा उकळत्या आमटीसारखा खदखदत ठेवायचा. एकावर एक भट्ट्या, खनिज वरून खाली, वायू खालून वर. शेवटी गरम असतानाच दाबून विटा करायच्या. या विटा फारशा सच्छिद्र नसल्याने पावसाला तेवढ्या घाबरत नाहीत.

सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. शिऱ्यात रव्याच्या गुठळ्या होतात तसा चुरा तापला की एकमेकांना चिकटतो आणि भट्टी बसते. ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलँडला असाच कारखाना 1999 मध्ये सुरू झाला. 2004 मध्ये तिथे स्फोट झाला, एक कामगार गेला, पुढच्या वर्षी कारखाना कायमचा बंद. म्हणून एकदम मोठ्या कारखान्याची घोषणा करू नका, ही विनंती. ऑस्ट्रियात डोनाविट्झला 2021 पासून हायड्रोजनवर छोटा प्रायोगिक संच चालवून बघितला जातोय. तसा एक आपल्या चुऱ्यावर, गॅसवर चालवा आणि तो कुठे अडला तेही जाहीर करा.

गॅसचा प्रश्न आहेच. गोळ्यांच्या भट्टीतच एक टन स्पंज आयर्नला साधारण 270 ते 300 घनमीटर लागतो आणि देशाला लागणाऱ्या गॅसपैकी जवळपास निम्मा आयात होतो. म्हणून प्रायोगिक संचापुरता तरी ठरलेला दर द्या. आज गॅस, उद्या हायड्रोजन; भट्टी तीच राहू शकते. डिसेंबर 2024 मध्ये तुमच्याच मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या ठरवली, टनाला 2.2 टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड. त्यात आमच्यासारख्या सातारा-सांगलीच्या छोट्या फौंड्र्यांचा विचार फारसा दिसला नाही.

अजून एक मागणी. तयार होणाऱ्या विटांपैकी काही वाटा छोट्या फौंड्र्यांसाठी राखून ठेवा आणि प्रत्येक गाडीबरोबर रासायनिक तपासणीचा कागद सक्तीचा करा. पहिली खेप आली तर चाचणीची हीट (एका वेळचं वितळवणं) आमच्या भट्टीत घेऊ आणि निकाल जसा येईल तसा कळवू. फक्त गाडी पाठवताना ताडपत्री धड आहे का, तेवढं बघायला सांगा.

आपला,
कुपवाडचा एक फौंड्रीवाला