इंटरनेट जोडणारे यंत्र आधी इंटरनेट मागते : वायफाय अडॅप्टरबाबत तक्रार

सांगली
दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : यूएसबी वायफाय अडॅप्टरच्या खोक्यावरील दिशाभूल करणारा मजकूर, वारंवार तुटणारे कनेक्शन आणि पैसे परत देण्यास दिलेला नकार.

संदर्भ : आपल्याच संकेतस्थळावरून सप्टेंबर २०२५ मध्ये घेतलेले दोन नग. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

महोदय / महोदया,

मी घरून अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाची कामे करते. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत आमचा हंगाम. दिवाळी अंकांची पाने रात्री येतात आणि सकाळी तपासून परत हवी असतात. या हंगामात इंटरनेट बंद म्हणजे काम बंद, आणि गेलेले काम दुसऱ्याकडे जाते ते पुढच्या वर्षीही तिकडेच राहते. त्यामुळे ही तक्रार हजार रुपयांच्या आतल्या वस्तूची असली तरी तेवढ्यापुरती नाही.

आम्ही जुन्या वाड्यात माडीवर राहतो. राउटर खाली दिरांच्या बिऱ्हाडात आहे. मधल्या भिंती दगडमातीच्या, हातभर रुंद; भोक पाडायला घरमालक तयार नाहीत आणि जिन्यावरून केबल आणायची तर दोन दारे कायमची उघडी ठेवावी लागतील. लॅपटॉप घ्या असा सल्ला देणारे बरेच भेटले. दिवसभर ऱ्हस्व-दीर्घ शोधणाऱ्या माणसाला मोठा पडदा लागतो, एवढेच त्यांना सांगते. तर केबल नको, डेस्कटॉप मात्र हवा, अशा घरांसाठीच आपण हा अडॅप्टर, म्हणजे यूएसबी पोर्टला लावून कॉम्प्युटरला वायफाय देणारे छोटे यंत्र, विकता. आपल्या जाहिरातीत अगदी असेच घर दाखवले आहे, फक्त त्यांच्या भिंती काचेच्या आहेत.

दोन नग घेण्याचे कारण असे. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टचा त्याला असलेला आधार या १४ ऑक्टोबरला संपतो आणि ते यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. म्हणून कामासाठी नवा डेस्कटॉप जुळवून घेतला आणि जुन्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली घालून तो मुलांना द्यायचे ठरले. नव्याच्या मदरबोर्डवर वायफाय नाही. आपल्या खोक्यावर विंडोज आणि लिनक्स दोन्हींची चिन्हे छापलेली होती, त्यामुळे एकच वस्तू दोन्हीकडे चालेल असे मी धरून चालले.

आता नव्या कॉम्प्युटरचे ऐका. दुकानदाराने त्यात विंडोज ११ होम घालून दिले होते, खाते तेवढे माझ्या नावाने घरी उघडायचे होते. ही आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागते आणि त्यासाठी आधी इंटरनेट मागते. ‘नेटवर्कला जोडा’ असा पडदा येतो आणि जोडल्याशिवाय पुढचे बटण दाबले जात नाही. मी आपला अडॅप्टर लावला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्लग अँड प्ले’ आहे. लावला, आणि काहीही झाले नाही. यादीत एकही वायफाय दिसेना. अडॅप्टरला ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला ते यंत्र ओळखून चालवायला शिकवणारा प्रोग्राम, लागतो आणि तो विंडोजमध्ये आधीपासून नाही, हे मला खोक्यातली चिठ्ठी वाचून कळले. ड्रायव्हर होता सोबतच्या लहानशा सीडीवर. माझ्या नव्या कॅबिनेटला सीडी ड्राइव्ह नाही. २०२५ साली जुळवलेल्या कुठल्या कॅबिनेटला तो सहसा असतो, हे आपल्या कंपनीतल्या कुणीतरी एकदा दुकानात जाऊन बघावे.

मग आपल्या हेल्पलाइनला फोन. त्यासाठी आधी नंबर शोधावा लागला, कारण खोक्यावर छापलेला नंबर अस्तित्वात नाही असे सांगणारी टेप ऐकू येते. वेष्टनबंद मालावर तक्रारीसाठी संपर्काचा फोन नंबर आणि ईमेल देणे २०११ च्या वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियमांनी बंधनकारक आहे. बंद पडलेला नंबर छापून ते बंधन पाळले जाते असे आपल्याला वाटत असावे. संकेतस्थळावरच्या नंबरवर झालेले बोलणे असे :

“मॅडम, आमच्या वेबसाइटवरून ड्रायव्हर डाउनलोड करून घ्या.”

“अहो, नेट नाही म्हणून तर तुमची वस्तू घेतली. डाउनलोड कशावर करू?”

“दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा आणि पेन ड्राइव्हने आणा.”

“आणि तोही तुमच्याच अडॅप्टरची वाट बघत बसला असेल तर?”

“मग सायबर कॅफेत जा, मॅडम.”

आमच्या पेठेतले सायबर कॅफे केव्हाच गेले. होते तिथे आता मोबाइलची कव्हरे मिळतात. बोलणारा मुलगा सभ्य होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्यापुढे ठेवलेल्या कागदावर जेवढे होते तेवढे त्याने वाचले. माझा राग तो कागद लिहिणाऱ्यावर आहे, कारण या अडचणीवर सोपा उपाय होता आणि तो त्यात नव्हता.

तो उपाय माझ्या भाचीने फोनवरून सांगितला. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करायचे. विंडोज मोबाइललाच नेटवर्क कार्ड समजते, वेगळा ड्रायव्हर मागत नाही. मोबाइल घरच्या वायफायला जोडलेला ठेवला तर डेटा पॅकही खर्च होत नाही, कारण इंटरनेट राउटरचेच असते, मोबाइल फक्त मध्ये उभा राहतो. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको, डेटा नेणारी हवी. एवढे केले आणि अडलेला पडदा पुढे सरकला. खाते उघडले, विंडोज अपडेटने आपल्या अडॅप्टरचा ड्रायव्हर स्वतःच शोधून बसवला. आपली सीडी आजही पाकिटात आहे.

मी आपल्याला विचारते, या चार ओळी चिठ्ठीत का नाहीत? चिठ्ठी इंग्रजी आणि चिनी भाषेत आहे, तिच्या मागच्या बाजूला अडॅप्टर पाण्यात टाकू नये, लहान मुलांनी गिळू नये अशा सूचना आहेत. जागा नव्हती असे म्हणता येणार नाही. ड्रायव्हर पोटातच साठवलेले अडॅप्टरही बाजारात मिळतात : ते आधी पेन ड्राइव्हसारखे उघडतात, त्यातूनच ड्रायव्हर बसतो आणि मग वायफाय सुरू होते. आपण तसा बनवत नसाल तर नका बनवू, पण मग ‘प्लग अँड प्ले’ छापू नका.

दुसरा मुद्दा वेगाचा. खोक्यावर ‘६०० एमबीपीएस’, म्हणजे सेकंदाला ६०० मेगाबिट, असे आहे. हा आकडा कसा येतो ते मला आता माहीत झाले आहे : वायफायच्या दोन रेडिओ पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झवर जास्तीत जास्त १५० आणि ५ गिगाहर्ट्झवर ४३३, दोन्हींची बेरीज ५८३, आणि तिला गोल करून ६००. पण हा अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो. म्हणजे ६०० हा वेग कुठल्याही घरात, कुठल्याही राउटरवर, कधीही मिळू शकत नाही. त्यातून तो यूएसबी २.० जातीचा आहे आणि त्या जोडणीची कागदावरची कमाल मर्यादाच ४८० आहे. दोन बसच्या वेगांची बेरीज करून तिकीट विकावे तसला हा हिशेब आहे. इतर कंपन्याही असेच छापतात, असे आपल्या ईमेलमध्ये उत्तर आले. ते खरे आहे आणि त्याने काहीही सिद्ध होत नाही.

मला ६०० नकोच होते. आमचे कनेक्शन १०० चे आहे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतीत लवकर विरतात, त्यामुळे माडीवर मला २.४ च वापरावे लागते आणि तिथे चांगल्या वेळी वीस-बावीस मिळतात. तेवढ्यात माझे काम भागते. भागत नाही ते यामुळे, की कनेक्शन तुटते.

आणि केव्हा तुटते हे मी नीट पाहिले आहे. तयार पानांची प्रत ठेवायला माझ्याकडे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आहे. ती मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टला जोडून फाइल टाकायला लागले की शेजारच्या पोर्टमधल्या आपल्या अडॅप्टरचे वायफाय मंदावते आणि मग जाते. डिस्क काढली की परत येते. हा योगायोग नव्हे. यूएसबी ३.० वरून वेगाने माहिती जाताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच तपशीलवार निबंध काढून सांगितले आहे. अडॅप्टर पोर्टपासून दूर नेणे हा त्यावरचा एक उपाय. शिवाय आपला अडॅप्टर अंगठ्याच्या पेराएवढा असल्यामुळे कॅबिनेटच्या मागे लावला की त्याच्या आणि राउटरच्या मध्ये पूर्ण लोखंडी पेटी येते. मी शेवटी बाजारातून मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल आणली, अडॅप्टर टेबलावर खिडकीशी चिकटवला. तेव्हा तुटणे कमी झाले, थांबलेले नाही. दोन्ही दुखणी जुनी आणि आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली आहेत. काही उत्पादक खोक्यातच छोटी केबल देतात. आपल्या चिठ्ठीत ‘मागच्या पोर्टला लावा’ असे चित्र काढले आहे!

कॉम्प्युटर झोपेतून उठला की अडॅप्टर कधीकधी सापडतच नाही, हे वेगळेच. त्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या पर्यायावरची खूण काढली आणि ते निस्तरले. हेही भाचीनेच सांगितले, आपण नव्हे.

लिनक्सबद्दल थोडक्यात. खोक्यावर त्याचे चिन्ह म्हणून पेंग्विनचे चित्र आहे. चिठ्ठीत बारीक टाइपात कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘२.६ ते ३.१९’ असे आहे. ३.१९ ही आवृत्ती २०१५ सालची. आपल्या संकेतस्थळावर मिळतो तो ड्रायव्हर तयार नसून त्याचा कच्चा कोड आहे, तो स्वतः जुळवावा लागतो, आणि जुळवायची साधने इंटरनेटवरून उतरवावी लागतात. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझा जुना कॉम्प्युटर मात्र वाचला, कारण भाचीने त्यात लिनक्स मिंट २२ घातले. त्याचे कर्नेल ६.८, आणि आपल्या अडॅप्टरमध्ये जी आरटीएल ८८११सीयू चिप आहे तिचा ड्रायव्हर ६.२ पासून कर्नेलमध्येच आहे. लावताक्षणी चालू झाला. खरे ‘प्लग अँड प्ले’ मला तिथे मिळाले, आणि ते आपल्या ड्रायव्हरमुळे नाही. तो नग मी ठेवणार आहे. त्याचे पैसे मागत नाही.

नव्या कॉम्प्युटरच्या नगाचे मागते. आपल्याकडून दोन उत्तरे आली : पहिले, सील उघडल्यामुळे माल परत घेता येत नाही, दुसरे, ‘उत्पादनात दोष आढळत नाही, हा वापराच्या परिस्थितीचा प्रश्न आहे’. सील उघडल्याशिवाय अडॅप्टर चालतो की नाही हे ग्राहकाने कसे ओळखायचे, ते उत्तरात नव्हते. दुसऱ्या उत्तराबद्दल : वापराची परिस्थिती म्हणजे एक डेस्कटॉप, एक हार्ड डिस्क आणि एक भिंत. डेस्कटॉपसाठी म्हणून विकलेल्या वस्तूला याहून साधी परिस्थिती कुठून आणू? आणि दोष नसून परिस्थितीच आडवी येत असेल, तर ती खोक्यावर आधी सांगायला हवी होती.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत दिली नसल्यास ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. आपल्या बिलावर मुदत नाही. माझी पहिली लेखी तक्रार ३० दिवसांच्या आत केलेली आहे, ईमेल सोबत आहे. वस्तूच्या दर्जाबद्दल वा कामगिरीबद्दल खोटे विधान करणे हेही त्याच कलमात येते, आणि ६०० हा आकडा त्यात बसतो असे माझे म्हणणे आहे. माल आपण स्वतःच्या संकेतस्थळावरून विकला असल्यामुळे २०२० चे ई-कॉमर्स नियमही आपल्याला लागू होतात. त्यांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. ईमेलला आलेली उत्तरे बिननावाची होती, त्यामुळे आता हे पत्र आपल्या पदाच्या नावाने स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

माझ्या मागण्या अशा. एका नगाचे ९४९ रुपये परत मिळावेत आणि परत पाठवण्याचा खर्च आपण सोसावा. एक्स्टेंशन केबलचे १८० रुपये मिळावेत, ती अडॅप्टरसोबत पाठवून देईन. आणि खोके दुरुस्त व्हावे. हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे दुरुस्ती फुकट सुचवते. ‘प्लग अँड प्ले’ काढून तिथे ‘पहिल्यांदा बसवताना इंटरनेट किंवा सीडी ड्राइव्ह लागेल, नसल्यास अँड्रॉइड मोबाइल यूएसबी टेदरिंगने जोडा’. ‘६०० एमबीपीएस’ काढून ‘१५० किंवा ४३३ एमबीपीएस पर्यंत’, यातले ‘किंवा’ गाळू नये. पेंग्विनखाली कर्नेलची आवृत्ती, वाचता येईल अशा टाइपात. चित्रात अडॅप्टर पुढच्या पोर्टला. चिठ्ठी मराठी-हिंदीतही. आणि लागणारा फोन नंबर.

एका महिन्यात समाधान झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क नाही. दिवाळीनंतर आमच्या धंद्यात निवांतपणा असतो, तारखांना हजर राहण्यात मला अडचण येणार नाही.

पैसे ज्या खात्यातून भरले त्यातच परत करावेत. माझे नाव, पत्ता आणि फोन नंबर बिलावर आहे तोच. फोन दुपारी दोननंतर करावा.

आपली,
(सही)
ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, ईमेलच्या छापील प्रती, खोक्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे, दुरुस्तीच्या खुणा केलेली खोक्याच्या मजकुराची प्रत.