रोबोट नस वाचवत नाही

संपादक महोदय,

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी सोलापुरातून पुणे-हैदराबाद गाठणाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘रोबोट आहे ना?’ हा असतो. खरे विचारायला हवे ते हे, की माझ्या कोणत्या बाजूची नस राखणार आणि का?

लिंगाला ताठरता देणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या मागच्या दोन्ही कडांना, घड्याळातल्या पाच आणि सातच्या जागी, रक्तवाहिन्यांसह पातळ पडद्यात असतात. त्या जपून प्रोस्टेट काढण्याची पद्धत डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये अमेरिकेत वापरली, तीही पोट उघडून. रोबोट मोठे, खोली दाखवणारे चित्र आणि मनगटासारखी वळणारी हत्यारे देतो. चालवणारा सर्जनच. ऑस्ट्रेलियातल्या तुलनात्मक चाचणीत दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता पोट उघडून आणि रोबोटने अशा दोन्ही पद्धतींत सारखीच आढळली.

नस बिघडते ती ओढल्याने किंवा भाजल्याने. कॉटरीची, म्हणजे विजेने भाजून रक्त थांबवणाऱ्या हत्याराची, उष्णता आजूबाजूला पसरते, म्हणून नसेजवळ क्लिप लावून साध्या कात्रीने कापतात. थोडे रक्त गेले तरी चालते. ताणलेली नस न तुटताही मंदावते आणि सावरायला दीड-दोन वर्षे घेते. सहाव्या महिन्यात ‘ऑपरेशन फसले’ म्हणणे घाईचे ठरते. वीर्य मात्र पुन्हा येत नाही, कारण वीर्यकोशही काढलेले असतात. मधुमेहाने आधीच गेलेली ताकदही नस राखून परत येत नाही.

गाठ कडेला टेकली असेल किंवा प्रोस्टेटचे कवच फोडून बाहेर आली असेल, तर त्या बाजूची नसही काढावी लागते. तिथे लोभ केला तर कर्करोग मागे राहतो. हे ठरवायला एमआरआय बायोप्सीपूर्वी (तपासणीसाठी तुकडा काढण्याआधी) हवा, नंतर आतले रक्त चित्र गढूळ करते. बायोप्सी आणि शस्त्रक्रिया यांत साधारण सहा आठवडे जाऊ द्यावेत. सूज असताना थर सुटे होत नाहीत.

गोंधळ होतो तो घरी आल्यावर. मूत्राशय आणि मूत्रमार्ग नव्याने शिवलेले असतात आणि त्या जोडातून लघवीची नळी सुमारे सात ते दहा दिवस राहते. ती ओढली जाऊन निघाली, तर जवळच्या दवाखान्यात अंदाजाने दुसरी घालू नये, जोड फाटतो. गरज पडल्यास ती दुर्बिणीतून पाहून घालतात. बद्धकोष्ठ झाले तरी एनिमा नको, गुदाशयाची भिंत लगतच असते. लघवीची पिशवी कमरेच्या खाली ठेवावी. गाडीने परतताना तासा-दीड तासाने उतरून चालावे, पोटरीत गुठळी होऊ नये म्हणून.

मोठ्या रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावर मराठीत आणि ठळक अक्षरांत एवढे तरी छापावे: ‘या नळीला हात लावण्याआधी फोन करा’, आणि खाली रात्रीही उचलला जाईल असा नंबर.

– एक मूत्ररोग शल्यचिकित्सक, सोलापूर