तात्पर्याच्या जागी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जाहिरातीला जुंपलेली गोष्ट ही गोष्ट उरते का, असं तू मागच्या पत्रात विचारलंस. तेव्हापासून जुने जाहिरातपट पुन्हा पुन्हा पाहतोय. इसापनीतीत शेवटी 'तात्पर्य' असायचं ना, या पटांत त्या जागी माल येऊन बसतो. तो तिथे शोभतो का, एवढंच मी बघतो.

१९४१ चा 'द थ्रिफ्टी पिग' घे. डिस्नेने तो कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी केला, युद्धबचत प्रमाणपत्रं, म्हणजे युद्धखर्चासाठी लोकांनी सरकारला दिलेल्या कर्जाचे कागद, खपावीत म्हणून. १९३३ च्या तीन डुकरांच्या कार्टूनमधलीच चित्रं पुष्कळशी वापरली. लांडगा नाझी झाला, शहाण्या डुकराच्या विटा म्हणजे ही प्रमाणपत्रं. मला यात काही खटकत नाही. आधी कष्ट कर, घर पक्कं बांध, हे ती गोष्ट मुळात सांगतच होती.

'अ कोच फॉर सिंड्रेला'चं तसं नाही. जॅम हँडी या अमेरिकी जाहिरातपटकाराच्या संस्थेने तो १९३० च्या दशकात शेव्हरोले मोटारींसाठी केला. बुटके रथ घडवतात, ती लगबग फार लोभस आहे, रंगही सुरेख. पण त्या रथाची मोटार होते आणि माझं मन उडतं. मूळ रथ बाराच्या ठोक्याला विरतो म्हणून तर जीव टांगणीला लागतो. विकायची मोटार विरून कसं चालेल?

आणि कालिमेरो! १९५७ ते १९७७ इटलीच्या दूरचित्रवाणीवर 'कारोसेल्लो' हा जाहिरातींचा कार्यक्रम लागे. त्यात आधी गोष्ट रंगवायची आणि मालाचं नाव शेवटच्या तुकड्यात घ्यायचं, असा नियम. १९६३ मध्ये तिथे पागोत बंधूंचं हे काळं पिल्लू आलं, डोक्यावर अंड्याचं अर्धं कवच घेऊन. गोष्टीतल्या बदकाच्या कुरूप पिल्लाचंच भावंड वाटतं. सगळे त्याला झिडकारतात, ते म्हणतं, हा अन्याय आहे. मला दरवेळी भरून येतं. मग साबणाची पूड येते, ते धुऊन निघतं: तू काळा नाहीस, नुसता मळलेला आहेस.

हे वाक्य मला आता सहन होत नाही. बदकाच्या पिल्लाला कुणी धुतलं नव्हतं रे, ते जसं होतं तसंच सुंदर निघालं.

तू पुन्हा बघ आणि सविस्तर लिही. वाट पाहतो.

तुझाच