बांधून नेलेला पेशंट परत दवाखान्यात येईल कशाला?

संपादक महोदय,

मनोरुग्णाबद्दल बातमी आली की 'गोळ्या बंद केल्याने हिंसक झाला' एवढं ठरलेलं वाक्य असतं, गोळ्या का बंद केल्या ते कोणी विचारत नाही. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. पहिल्यांदा अॅडमिट केलं तेव्हा डोळे तपासायला जाऊ म्हणून गाडीत बसवलं, गेटवर चौघांनी धरलं, इंजेक्शन दिलं आणि रात्रभर एकट्याला खोलीत कोंडलं, हात कॉटला बांधून. आम्हाला कोणी कळवलंही नाही, भेटायला गेलो तेव्हा मनगटावरचे वळ दिसले. नंतर फॉलोअपचं नाव काढलं की तो संडासात जाऊन आतून कडी लावायचा.

बऱ्याच वर्षांनी त्यानेच सांगितलं की होस्टेलवर असताना त्याला स्टोअररूममध्ये कोंडायचे. हिस्ट्री घेताना डॉक्टरांनी झोप, व्यसन, घराण्यात कोणाला आजार सगळं विचारलं होतं, लहानपणी कोणी मारलं का, नको तिथे हात लावला का, कोंडलं का हे मात्र नाही. 2012 मध्ये बरेच जुने अभ्यास एकत्र करून बघितलं तर लहानपणी छळ झालेल्यांमध्ये सायकोसिसची (भास-भ्रम होऊन खऱ्याखोट्याचं भान सुटणं, स्किझोफ्रेनिया त्यातलाच) शक्यता जवळपास पावणेतीन पट निघाली, मग हा प्रश्न केसपेपरवर का नसावा? बायकांच्या वॉर्डात तर पहिला हाच विचारायला हवा, आणि तोही बाई डॉक्टरने.

मी गोळ्यांच्या विरोधात नाही, त्या लागतातच. पण ट्रॉमा इन्फॉर्म्ड केअर म्हणतात, म्हणजे पेशंटने आधी काय सोसलंय ते लक्षात ठेवून उपचार करणं, त्याला काही मोठं मशीन लागत नाही हो. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या सिस्टरने भावाला विचारलं, "इंजेक्शन आत्ता देऊ का चहा झाल्यावर?" तो म्हणाला चहा झाल्यावर, आणि चहा पिऊन स्वतःच बाही वर केली. खोलीचं दार उघडं ठेवलं होतं, बस.

वॉर्डात स्टाफ कमी असतो, पेशंट अंगावर धावून येतो, मान्य. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 97 मध्ये एकट्याला कोंडायला सरळ बंदी आहे, बांधायचं तर लगेच कोणाला इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल तरच, तेही सायकॅट्रिस्टच्या परवानगीने, कारण लिहून, आणि पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीला 24 तासांत कळवून. साखळीला तर पूर्ण बंदी, तमिळनाडूत एरवाडीच्या मनोरुग्णांच्या आश्रमात 2001 साली साखळीने बांधलेले 28 जण आगीत जळून गेले ते विसरून कसं चालेल.

त्याच कायद्याप्रमाणे बांधल्याच्या प्रत्येक घटनेचा रिपोर्ट दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनरावलोकन बोर्डाकडे जायला हवा. जातो का? जात असेल तर पेशंटची नावं वगळून ते आकडे लोकांना बघायला मिळू देत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार सरकारी मनोरुग्णालयांपासून सुरुवात करा, आणि खासगीवाल्यांना त्यातून सोडू नका.

एका पेशंटची बहीण,
सातारा