काठीवरचे लाल पट्टे

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात विश्रामबागच्या चौकात एका भल्या माणसाने मला दंडाला धरून रस्ता पार करून दिला. मला पार करायचाच नव्हता, मी मुलाची वाट बघत उभा होतो. त्याने आधी विचारलं असेलही. मला ऐकू येत नाही. पांढरी काठी बघून त्याला एवढंच कळलं, की म्हाताऱ्याला दिसत नाही. मग मुलगा अलीकडे शोधतोय आणि मी पलीकडे! राग नाही, थांबतंय कोण हल्ली?

पण माझ्या काठीला दोन लाल पट्टे आहेत. पांढऱ्या काठीवर लाल पट्टे म्हणजे या माणसाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ही खूण अनेक देशांत चालते, आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही.

मी अडत दुकानात दिवाणजी होतो. कान जन्मापासून अधू, विशीत रातांधळेपणा, मग नजर कडेकडून आकसत गेली. अशर सिंड्रोम हे नाव फार उशिरा कळलं. ओठ वाचून हळदीचे सौदे लिहिले, तेही पुढे जमेना. ओठ दिसायचे तेव्हा माणूस दिसायचा नाही. दाखल्याच्या खिडकीवर मुलाला विचारलं, "आंधळे की बहिरे? एकच सांगा." 2016 च्या अपंग हक्क कायद्यात दोन्ही एकत्र असणं बहुविकलांगतेत स्पष्ट लिहिलंय, तरी ही तऱ्हा.

पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. आता माझं सगळं बोलणं तसंच. नात तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढते, आधीच्या अक्षराच्याच जागी पुढचं. वेळ वाचावा म्हणून शिरोरेषा देत नाही. त्यामुळे 'घर' की 'धर' यावर आमची रोज एक चकमक होते.

तेव्हा लाल पट्टे दिसले तर ओढू नका. दंडावर हात ठेवा, थांबा, मी तळहात पुढे करतो. "रस्ता?" एवढं लिहिलंत तरी पुरे. 27 जूनला हेलन केलर या अंध-बधिर लेखिकेचा जन्मदिन असतो. त्या दिवशी या काठीचं चित्र चौकटीत छापाल का?

(मजकूर माझा, लिहून घेतला नातीने.)

– एक निवृत्त दिवाणजी, सांगली