लॉट क्रमांक २१७ : राणीछाप रुपयाच्या ‘नैसर्गिक’ रंगछटेबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : नाण्याचे चुकीचे वर्णन केल्याबद्दल पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या गेल्या महिन्यातील लिलावात लॉट क्रमांक २१७ म्हणून मांडलेला, सम्राज्ञी व्हिक्टोरियाचा १९०१ सालचा मुंबई टांकसाळीचा चांदीचा रुपया मी ४६,००० रुपयांच्या अंतिम बोलीला घेतला आणि त्यावर आपले १५ टक्के बायर्स प्रीमियम (बोलीवर लिलाव कंपनी खरेदीदाराकडून घेते ते शुल्क) व जीएसटी भरला. नाणे हातात आल्यापासून चौथ्या दिवशी मी लेखी हरकत नोंदवली होती. तिला आपण दिलेल्या उत्तरात असे म्हटले आहे की, टोनिंग, म्हणजे नाण्याच्या पृष्ठभागावर चढलेली रंगछटा, हा आवडीनिवडीचा विषय आहे, त्याला किती किंमत द्यावी याबाबत संग्राहकांमध्येच एकमत नाही आणि म्हणून विक्री अंतिम समजावी. हे उत्तर मला मान्य नाही.

एकमत नाही, हे खरेच आहे. आम्ही पुण्यातले काही संग्राहक दर रविवारी भेटतो आणि हा वाद आमच्यात कायम चालतो. आमच्यातले एक ज्येष्ठ स्नेही म्हणतात की चांदी काळवंडली म्हणजे ती खराब होऊ लागली, मग तिला निळी म्हणा नाहीतर जांभळी, आणि अशा नाण्याला दहापट पैसे मोजणे म्हणजे बाजार बिघडवणे आहे. तरुण मंडळी त्यांना अमेरिकेतील मॉर्गन डॉलरचा दाखला देतात. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेली ही नाणी तिथल्या सरकारी तिजोऱ्यांत कापडी पिशव्यांमध्ये वर्षानुवर्षे पडून होती; कापडाला टेकलेल्या बाजूवर काही नाण्यांना इंद्रधनुष्यासारखे रंग चढले आणि तशा नाण्यांसाठी तिथे आजही साध्या नाण्याच्या कित्येक पट बोली लागते. मी स्वतः या दुसऱ्या बाजूचा आहे. म्हणूनच, याच सालचा व याच टांकसाळीचा स्वच्छ पांढरा रुपया चार वर्षांपूर्वी ३,५०० रुपयांना घेतलेला असताना, या रुपयासाठी मी समजून उमजून ४६,००० मोजले. किंमत जास्त झाली अशी माझी तक्रार मुळीच नाही.

माझी तक्रार आपल्या कॅटलॉगमधील वर्णनाबद्दल आहे. ‘मूळ पृष्ठभाग, कधीही न घासलेले, नैसर्गिक टोनिंग’ असे त्यात स्पष्ट छापलेले आहे. आपल्याकडे राणीछाप रुपया घरोघरी लक्ष्मीपूजनात असतो आणि दर दिवाळीला तो चिंचेने किंवा रांगोळीने घासला जातो. त्यामुळे न घासलेला, सव्वाशे वर्षे आपला रंग घेत गेलेला रुपया मिळणे किती दुर्मीळ आहे हे आपल्यालाही ठाऊक आहे. मी पैसे मोजले ते याच दुर्मीळपणाचे.

प्रत्यक्षात नाणे टेबलाच्या दिव्याखाली तिरपे धरून दहापट भिंगातून पाहिले असता, राणीच्या गालापासून समोरच्या मोकळ्या भागापर्यंत एकाच दिशेने गेलेले घासल्याचे बारीक ओरखडे दिसतात आणि त्या ओरखड्यांच्या तळाशीही वरच्यासारखाच निळा रंग आहे. याचा अर्थ नाणे आधी घासले गेले आणि रंग त्यानंतर आला. घासलेली चांदी पुढे हवेने आपोआपही रंगू शकते हे मला माहीत आहे, परंतु तसे मानले तरी ‘कधीही न घासलेले’ हे शब्द खोटे ठरतात.

रंगाचीही मला दाट शंका आहे. हवेतल्या, कागदातल्या किंवा पुठ्ठ्यातल्या गंधकामुळे चांदीवर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि तो जाड होत जाईल तसे रंग ठरावीक क्रमाने उमटतात : आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. माझ्या आजीच्या पत्र्याच्या डब्यात कागदात गुंडाळलेला एक राणीछाप रुपया मी आजवर तसाच जपला आहे. त्याच्या कडेला निळा रंग आहे आणि आत येता येता तो जांभळा होत, सोनेरी होत, राणीच्या चेहऱ्याशी चांदीत विरून जातो; नाणे फिरवले की रंगाखालून मूळ चकाकी फिरताना दिसते. आपण पाठवलेल्या रुपयावर निळा डाग थेट उघड्या चांदीला भिडलेला आहे, मध्ये सोनेरी नाही की जांभळा नाही, आणि डागाची कड शाईच्या थेंबासारखी ठळक आहे. गंधकाची रसायने व उष्णता वापरून असे रंग काही मिनिटांत चढवता येतात, हे आपल्या तज्ज्ञांना मी सांगायला नको.

कॅटलॉगमधील छायाचित्रात यातले काहीच दिसत नाही. ते छायाचित्र समोरून सपाट प्रकाशात काढलेले आहे, त्यामुळे ओरखडे बुजले आहेत, आणि त्यातील रंग प्रत्यक्ष नाण्यापेक्षा कितीतरी भडक आहेत. ऑनलाइन बोली लावणाऱ्याला छायाचित्र आणि आपला शब्द याशिवाय दुसरा आधार नसतो. हे नाणे कोणत्याही ग्रेडिंग संस्थेच्या, म्हणजे नाणे तपासून त्याचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, सीलबंद स्लॅबमध्येही (पारदर्शक डबीत) नव्हते, म्हणजे त्याच्या अस्सलपणाची हमी एकट्या आपल्या कंपनीचीच होती. रंगीत नाण्याला किती मोल द्यावे हा संग्राहकांचा मतभेद आहे; ते घासलेले आहे की नाही, ही भिंगाखाली तपासता येणारी गोष्ट आहे. पहिल्याचा आडोसा घेऊन दुसरीचे उत्तर टाळणे मला अतिशय खटकले.

तरी अंतिम बोलीची रक्कम, बायर्स प्रीमियम आणि जीएसटी असे सर्व पैसे हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करून नाणे आपल्या खर्चाने परत न्यावे, ही विनंती. माझे म्हणणे मान्य नसल्यास नाणे आपल्या खर्चाने उभयपक्षी मान्य अशा ग्रेडिंग संस्थेकडे पाठवावे. तिचा निर्णय माझ्या विरुद्ध गेला तर तो मी स्वीकारेन आणि तपासणीचा खर्चही भरून देईन. नाण्याला मी कोणतेही रसायन लावलेले नाही, ते आपण पाठवलेल्याच पाकिटात आहे, आणि ओरखड्यांची तिरप्या प्रकाशातील सहा छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागेल.

आपला विश्वासू,
एक नोंदणीकृत बोलीदार, पुणे