चढावर क्लच घसरला आणि तू आठवलास

प्रिय जाड्या,

चार महिने ना पत्र ना फोन, आणि आज लिहितोय तेही अडलंय म्हणून. रागाव, हक्क आहे तुझा. पण हे घरात कुणाला सांगू, त्यांच्या लेखी ऑइल म्हणजे ऑइल. तब्येत बरी, गुडघा तसाच, सोड ते.

रविवारी पुतण्याने एटीव्ही, आपली ती रानात फिरवायची जाड चाकांची गाडी, चढावर घातली, मी खाली उभा. निम्म्यात पोचला आणि इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं, थ्रॉटल दाबला की आवाज वाढतो पण गाडी जागची हलेना. मग हळूहळू मागे सरकायला लागली. ब्रेक धरला पोराने, देवाची कृपा. मी वर पळत गेलो तर गाडी थांबून मिनिट झालं होतं तरी त्याचा पाय ब्रेकवर थरथरतच होता. ते काही डोळ्यापुढून जात नाही बघ.

आणि चूक माझी. महिन्यापूर्वी ऑइल बदललं तेव्हा कारचं उरलेलं ५डब्ल्यू-३० जाडीचं ऑइल ओतलं, भारीतलं सिंथेटिक, म्हटलं चांगलंच आहे की. काल डबा उलटा करून पाहिला, मागच्या गोल शिक्क्यात खालच्या बाजूला 'रिसोर्स कन्झर्व्हिंग', म्हणजे पेट्रोल वाचवणारं, असं छापलेलं! तू याच शिक्क्यावरून माझ्यावर ओरडला होतास, मास्तरांसमोर, आणि मी दोन दिवस बोललो नव्हतो तुझ्याशी. तुझंच बरोबर होतं. कारचा क्लच बाहेर कोरडा असतो, आपल्या गाडीत क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या, इंजिन, क्लच, गिअर सगळ्यांना एकच ऑइल. पेट्रोल वाचावं म्हणून त्यात घर्षण कमी करणारं जे घालतात तेच प्लेटांना चिकटू देत नाही.

आता जासो एमए२, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचा शिक्का, असल्याशिवाय डब्याला हात लावणार नाही. एमबी वाला पण नको, तो ज्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतो त्या स्कूटरना. पण सिंथेटिकने क्लच घसरतो हे तुझं म्हणणं मी अजून मानत नाही हां! घसरतो तो त्यातल्या मसाल्याने, सिंथेटिक असल्याने नाही, एमए२ लिहिलेलं सिंथेटिक खुशाल चालतं. भेटल्यावर भांडू.

जाडीचं मात्र डोकं फिरलंय. मॅन्युअलमधल्या तापमानाच्या पट्टीत १०डब्ल्यू-४० दिलंय, कडक थंडीत त्याहून पातळ. मला वाटत होतं २०डब्ल्यू-५० घालावं, कारण हळू चालवायची, ओझं ओढायचं, वारा लागत नाही, इंजिन तापतं. पण गार इंजिनला तेवढं जाड ऑइल वर चढायला वेळ लागतो आणि खरी झीज तेव्हाच होते. शिवाय गिअरचे दाते ऑइल चिरडत राहतात, ४० चं ऑइल चालवता चालवता ३० सारखं पातळ होऊ शकतं, म्हणजे जाडीपेक्षा वेळेवर बदलणं महत्त्वाचं, तेही किलोमीटरवर नाही, इंजिन चाललेल्या तासांवर. तुझी गाडी ओढ्यातून काढली होती आणि डिपस्टिकवर दुधाळ चहा आला होता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलेलं, आठवतंय? मी म्हटलं होतं फेस असेल, दोन दिवस थांबू, आणि तू रात्रीच बॅटरी तोंडात धरून ड्रेन बोल्ट काढलास. तोंडात बॅटरी असल्यामुळे तेवढाच वेळ मला शिव्या मिळाल्या नाहीत.

हो, वहिनींची बदली झाली का? धाकटीची परीक्षा कशी गेली? सविस्तर लिही.

तर मुद्दा. काल जुनं काढलं, फिल्टर नवा घातला, १०डब्ल्यू-४० एमए२ भरलं. सपाटीवर घसरणं थांबलं, चढावर तिसऱ्या गिअरला अजून किंचित घसरतोय. प्लेटांत मुरलेलं जुनं ऑइल आणखी एका बदलात निघेल का? काढलेलं ऑइल डब्यात ठेवलंय, त्याला किंचित जळका वास येतोय आणि तीच धास्ती आहे, प्लेटा जळल्या असतील तर कितीही बदला, उपयोग शून्य. तू असतास तर नुसत्या वासावरून सांगितलं असतंस. तुझं उत्तर येईपर्यंत पुतण्याला चावी देणार नाही, रोज मागतोय. ये ना एक दिवस, क्लचचं कव्हर आपण दोघं मिळून उघडू.

तुझाच,
बारक्या